कांद्याचा शॉट

नागपुरात मे महिन्यात शूटिंग करू नये,
हे शेंबड्या पोरालाही कळतं.
पण घर फुकटात मिळालं ते मे महिन्यातच,
आई आठ दिवस उमरेडला मावशीकडे गेली तेव्हा.
तिला सांगितलं होतं, दोन रूममेटची गोष्ट आहे.

कूलर चालू ठेवला तर संवाद बुडायचे,
बंद केला तर माणसं.
नाझिया हेडफोन लावून बोट वर करायची,
मी बटण दाबायची,
आणि वाळ्यातून शेवटचा थेंब टाकीत पडेपर्यंत
सगळे श्वास धरून उभे.
मग तुषार अंकुशच्या खिशात कांदा ठेवायचा.

एवढाच प्रसंग.
एक जण सेहेचाळीस डिग्रीत मिहानला ड्यूटीवर निघालेला,
दुसरा त्याला दारात थांबवतो,
शर्टाच्या खिशात कांदा सरकवतो,
आणि हात परत घ्यायला
एक क्षण जास्त लावतो.
तो एक क्षण आम्ही चौदा वेळा घेतला.

मुंबईचा निर्माता फोनवर म्हणाला,
छान आहे, फक्त त्यांना मावसभाऊ करून टाका.
कांदा राहू द्या तसाच.
दुसऱ्याला धाडस कमी वाटलं.
एक तरी चुंबन हवं,
आणि शेवटी एकाने मरायला हवं,
बाहेरच्या महोत्सवांत तेच चालतं.
उष्माघाताने मेला तर चालेल का, मी विचारलं.
त्याला हसू आलं नाही.

सीताबर्डीच्या हॉलवाल्याने आगाऊ घेतलेले पैसे
शंभराच्या नोटांत मोजून परत दिले.
ताई, पिक्चरबद्दल माह्यं काही म्हणणं नाही,
पण बाहेर बोर्डावर काय लिहू, ते सांगा तुम्ही.
मला सांगता आलं नाही.

डबिंगच्या रात्री तुषार म्हणाला,
माह्यं नाव नको टाकू.
काऊन बे?
बाबा इतवारीत दुकानावर बसते. दिवसभर लोक येते जाते.
म्हणून अंकुश मोटघरेच्या नावानंतर
तीन सेकंद पडदा काळा राहतो.
लोकांना वाटतं, प्रोजेक्टर अडकला.

दोन पुरुषच का,
हे मला कोणीच विचारलं नाही.
दोन बायका लिहिल्या असत्या
तर आईने पहिल्याच दिवशी विचारलं असतं,
यातली तू कोणती?
म्हणून मी स्वतःला मिशी दिली,
मिहानमध्ये नोकरी दिली,
आणि रोशनीचा हात
तुषारला उसना दिला.

तैपेईहून निवड समितीतली एक बाई लिहिते,
कांद्याचा अर्थ कळला नाही.
मी कळवलं, ऊन लागू नये म्हणून.
चार दिवसांनी तिचं उत्तर:
आमच्याकडे आल्याचं पाणी.
माझी मैत्रीण थर्मासात भरून द्यायची.
ऑफिसात सगळे म्हणायचे, आई फार जपते वाटतं.
पुढे काही नाही.
निवडीबद्दल तर काहीच नाही.
पण ते पत्र मी अजून पुसलेलं नाही.

शेवटी कामठी रोडवर
नाझियाच्या मामाच्या गोदामात चादर ताणली.
एकोणीस माणसं, तुरीच्या पोत्यांवर.
मध्येच लाइट गेली, तेव्हा कोणी उठलं नाही,
उठून जाणार कुठे, बाहेर तर याहून काळोख.
लाइट आली तेव्हा दिसलं,
विसावी आई होती.
रोशनीच्या शेजारच्या पोत्यावर,
पर्स मांडीत धरून, बसमध्ये बसतात तशी.

परतताना स्कूटीवर ती मागे.
ऑटोमोटिव्ह चौक गेला. इंदोरा गेलं.
एलआयसी चौकाच्या सिग्नलला म्हणाली,
तो कांदा लाल होता.
हो, मी म्हटलं.
उन्हाले पांढरा लागते. एवढंही माहीत नाही तुले?
मी आरशात पाहिलं,
आरसा माझ्याच खांद्यावर वळलेला होता.
सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले.
आता दुसऱ्यांदा घेशील, ती म्हणाली,
तं मले विचारून घे.